इनासअंकलची अमेरिका

हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या डोक्यावर एक चित्र असतं. खोली सोडून आल्यावर ते कशाचं होतं, हे कुणालाही सांगता येत नाही. सांगता आलं तर चित्र चुकलं, असं इनासअंकलचं मत होतं, आणि या विषयात दुबईत त्यांच्याएवढा अधिकारी माणूस मी तरी पाहिला नाही. तीस वर्षं ते हेच करत होते. दुबईच्या देरा भागातली आमची कंपनी भिंती भरायचं काम घेते. हॉटेलं, दवाखाने, भाड्याची अपार्टमेंट्स, कामगारांच्या कॅम्पमधली जेवणघरं, काय वाट्टेल ते. तुम्ही भिंत दाखवायची, आम्ही ती झाकून द्यायची.

मी मिरजेची. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर लावतात, तेही किराणा दुकानदाराने फुकट दिलेलं. त्यामुळे को-ऑर्डिनेटर म्हणून लागले तेव्हा चित्रांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी अंकल मला गोडाऊनमध्ये घेऊन गेले. इनास तुस्कानो, वसईचे कॅथलिक, साठीला टेकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात मोजायची टेप आणि कानावर पेन्सिल. आत उभे रेटून ठेवलेले शेकडो फ्रेमचे गठ्ठे होते. मी विचारलं, ही कुणाची चित्रं? तर म्हणाले, "एकाच माणसाची. बिचारा मेला म्हणून आपण जगतो, बाय."

तो माणूस म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला एक छापखानेवाला. दगडावर चित्र काढून छापायचा, पोरीबाळी टेबलाला रांगेने बसून त्यात हाताने रंग भरायच्या, एकीने नुसता निळा, दुसरीने नुसता लाल, आणि फेरीवाले ती गल्लोगल्ली विकायचे. लोकांना जे जे बघायला आवडतं ते ते त्याने छापलं होतं. जळती जहाजं, बर्फातल्या स्लेजगाड्या, शर्यतीचे घोडे, आगीचे बंब, टोपलीतली मांजरं, कापलेली कलिंगडं, मरणाच्या बिछान्यावरचे प्रेसिडेंट आणि भोवती रडणारं मंत्रिमंडळ. एक अख्खा गठ्ठा नुसत्या गोऱ्या गोमट्या मुलींचा होता. चेहरे सगळ्यांचे जवळपास सारखेच, खाली नावं तेवढी वेगळी. आपल्या मुलीचं नाव दिसेल ते चित्र बापाने घरी न्यायचं. त्या काळी अमेरिकन बाप बहुतेक मुलीकडे फारसं बघत नसावेत. आमच्या थोरल्या शेठना या सगळ्यात एकच गोष्ट आवडली होती. इतक्या जुन्या माणसाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. त्यांनी कुठूनशी त्याच्या सगळ्या चित्रांची सीडी मिळवली, देऱ्यातच एक प्रिंटर गाठला आणि आखातातल्या भिंती अमेरिकेने भरायला घेतल्या.

अंकलनी अमेरिका पाहिली नव्हती. पण तीस वर्षं ती चित्रं हाताळून त्यांना अमेरिकेची इतकी खात्री झाली होती की त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या अमेरिकेत सगळी घरं लाकडी, सगळ्या नद्यांत आगबोटी आणि सगळ्या आगबोटी एकमेकींशी शर्यत लावून शेवटी फुटणाऱ्या. टीव्हीवर तिकडच्या निवडणुकीची बातमी लागली की म्हणायचे, या लोकांना शर्यत आवडते, मग बॉयलर फुटो नाहीतर काही होवो. हे मात्र बरोबर निघायचं, म्हणून मला अजून राग यायचा. त्यांचा भाचा न्यू जर्सीला होता. त्याला दर थंडीत फोन करून बर्फ किती फूट पडला ते विचारायचे. त्याने सहा इंच सांगितलं की अंकल नाराज व्हायचे. चित्रात चार फूट होता.

विकायची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला चित्र नको असतं, गोष्ट हवी असते, असं ते म्हणत आणि गोष्ट बेधडक बनवत. बर्फातली स्लेजगाडी आमचा सगळ्यात खपाचा माल. एकच गाडी, तेच दोन घोडे, तीच लाल शाल घेतलेली बाई. अंकल ते चित्र रशियन हॉटेलवाल्याला रशिया म्हणून विकत, काश्मिरी गालिचेवाल्याला गुलमर्ग म्हणून आणि आपल्या लोकांना स्वित्झर्लंड म्हणून. आपल्यातल्या एकाने तर चार वेळा निरखून सांगितलं की या जागी आम्ही हनिमूनला गेलो होतो. अंकलनी मान डोलावली आणि म्हणाले, तीच जागा, सर, झाड जरा मोठं झालंय.

मी एकदा चिडून म्हटलं, अंकल, तुम्ही कन्फेशनला जाता तेव्हा हे सगळं सांगता का? तर म्हणाले, फादरच्या ऑफिसातही आपलीच स्लेजगाडी आहे. बोला आता.

पण ही गोष्ट एकदा अंगाशी आली. एका कॅम्पच्या जेवणघरासाठी भर जुलैत ऑर्डर होती. तिथला मॅनेजर घासाघीस करणारा. अंकलनी त्याला पटवलं की भिंतभर बर्फ लावा, बर्फ बघत जेवलं की माणसाला थंड वाटतं, एसी जरा कमी चालवला तरी कुणाला कळत नाही. मॅनेजरने आठ चित्रं घेतली आणि शब्दाला जागून एसी खरंच कमी केला. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तर तीन-चारशे माणसं घामाने निथळत डाळभात खात होती आणि त्या लाल शालीतल्या बाईला पंजाबी, बंगाली, तेलुगूतून शिव्या घालत होती. मॅनेजरला शिव्या घालायची सोय नव्हती ना. अंकल दारातच थांबले. मग शिडी मागवली, आठही चित्रं स्वतः उतरवली आणि मॅनेजरला सांगितलं की या मालात डिफेक्ट आहे, बर्फ पिवळा पडतो. एसी पुन्हा वाढला की नाही कोण जाणे. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाय, गोष्ट जरा जास्त लागू पडली." पुढे कॅम्पसाठी ते फक्त कलिंगडं सुचवायचे.

दुसरी गंमत दारुड्याच्या चित्राची. त्या छापखानेवाल्याने दारूविरुद्ध प्रचार म्हणून एक चित्र छापलं होतं. कमानीसारखा जिना, पहिल्या पायरीवर मित्राबरोबर एक घोट, मग वर चढत चढत मजा, मग उतरणीला भिकारीपण, चोरी आणि शेवटच्या पायरीवर पिस्तूल. अंकलना वाटलं, या देशात यापेक्षा योग्य चित्र दुसरं असूच शकत नाही. ते घेऊन ते एका व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या साहेबांनी बघितलं आणि घाबरून परत दिलं, कारण चित्रात बाटल्या होत्या. अंकलनी सगळ्या बाटल्या ब्रशने काळ्या केल्या. मग साहेब म्हणाले, काळं केलं की अजूनच कळतं तिथे बाटली आहे. दोन वर्षं ते चित्र धूळ खात पडलं. शेवटी एका हॉटेलच्या बारवाल्याने बघितलं आणि उड्या मारत नेलं. तिथे ते अजून आहे. लोक ग्लास हातात घेऊन त्याच्यासमोर उभे राहतात, आपण कितव्या पायरीवर आहोत ते एकमेकांना दाखवतात आणि पुढची मागवतात.

माझ्याही वाट्याला असा एक जिना आला. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला दुबईतल्याच ऊद मेथा भागात आमच्या घरी पंधरा-वीस मंडळी होती. अंकल सोनेरी फ्रेम घेऊन आले. मला वाटलं फुलं असतील. उघडलं तर बाईच्या आयुष्याच्या पायऱ्या, पाळण्यापासून सुरू. तिसाव्या वर्षी सगळ्यात वरची पायरी, तिथे नवरा, रेशमी झगा, सगळं. चाळिसावी एक पायरी खाली, मग पुढे थेट काठी, टोपी आणि खुर्ची. माझी लेक जवळ गेली, बोटाने मोजलं आणि म्हणाली, "मम्मा, यू आर ऑलरेडी गोइंग डाउन." माझा नवरा हसला. त्याचं काय झालं ते सांगत नाही. अंकलना मात्र कळेना की मी का फुगले. म्हणाले, तुमच्या सोफ्यामागची भिंत पाच फूट आहे, बाय, पाच फुटांचं दुसरं काही नव्हतं. टेप काढून मोजूनही दाखवलं. ते चित्र मी माळ्यावर टाकलं. पन्नाशीला काढीन म्हणते.

असा हा माणूस. मग थोरले शेठ थकले आणि धाकटे शेठ आले. करण नाव. जन्म इथला, शिक्षण लंडनचं, अंकलना अंकल म्हणायचा आणि आम्हाला टीम. त्याला जुनी अमेरिका नको होती. त्याच्या लॅपटॉपवर हल्लीची चित्रं होती. दोन गोळे आणि मधून एक सोनेरी रेघ. अंकल ती बराच वेळ बघत राहिले आणि हळूच विचारलं, सर, ये सीधा किधर से है? करणला राग आला नाही, तो चांगला मुलगा होता, पण अंकलची साठी उलटली होती आणि व्हिसाचं नूतनीकरण आता कंपनीच्या मर्जीवर होतं. त्याने सरळ सांगितलं की अल ऐनच्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलची मोठी ऑर्डर यायची आहे. ती झाली तर अंकलना आणखी दोन वर्षं, इन्शाल्ला. नाही झाली तर या वेळी व्हिसा नाही.

अंकलना ती दोन वर्षं किती हवी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. एरवी हा माणूस कुणापुढे वाकायचा नाही. आता करणसाठी सकाळी चहा आणून ठेवू लागला. मला कीव आली आणि रागही आला. कारण वसईला घर होतं, मुलगा-सून होते, दोन नातवंडं होती. मार्टिनाआंटी सहा वर्षांपूर्वी गेल्या, ते विमानं बंद असलेलं वर्ष होतं. अंकलनी बायकोची माती फोनवर बघितली, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून. पण विमानं सुरू झाल्यावरही ते गेले नाहीत. एकदाही नाही. सुट्टी जमली की पैसे देऊन टाका म्हणायचे. आम्ही मागे म्हणायचो, याला देऱ्याची चटक लागली. मीही म्हणायचे, खोटं कशाला सांगू.

हॉस्पिटलसाठी अंकलनी जीव ओतला. मुलांच्या वॉर्डला मांजरं, कॅन्टीनला फळं, अल ऐनच्या लोकांना घोडे आवडतात म्हणून लॉबीत घोडे. करणने तेवढी मांजरं-घोडे चालवून घेतले, पण त्याला एक 'सिग्नेचर पीस' हवा होता, बाळंतिणींच्या मजल्यावर प्रत्येक खोलीबाहेर लागेल असा. सीडी चाळता चाळता त्याला तो सापडला. हिरवळ, पाणी, खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं झाड, झाडाखाली एक बाई दगडावर हात टेकून मान खाली घालून उभी, आणि दगडाचा पुढचा भाग मस्त कोरा. करण म्हणाला, परफेक्ट, इथे क्लायंटचा लोगो टाका.

अंकल म्हणाले, सर, ये कबर है. खरंच होतं ते. त्या छापखानेवाल्याने ते खास दुःखी लोकांसाठी छापलं होतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने चित्र विकत घ्यायचं आणि कोऱ्या दगडावर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. करणने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, अंकल, आता हे कोण ओळखणार आहे? पार्कातला बोर्ड वाटतो. वर 'स्मरणार्थ' छापलंय तेवढं कापून टाका. अंकलनी कापला. चोवीस प्रती निघाल्या, चोवीस थडग्यांवर हॉस्पिटलचं नाव, निळ्या आणि सोनेरी रंगात, खाली छोटं हसरं बाळ. फ्रेम झाली की अंकल प्रत्येक चित्र पालथं घालून ठेवत होते.

आम्ही तिघं अल ऐनला गेलो. हॉस्पिटलच्या व्यवस्थापक मरियम मॅडम अमिराती, शांत, डोळे मात्र चौकस. मांजरं पसंत, घोडे फारच पसंत. मग बाळंतिणींच्या मजल्यावर एका खोलीबाहेर ते चित्र भिंतीला टेकवलं. मॅडमना लोगो आवडला. ही बाई विश्रांती घेते आहे का, त्यांनी विचारलं. करण म्हणाला, हो, न्यू मदर, रिलॅक्सिंग. आतल्या खोलीतून नुकतंच जन्मलेलं मूल रडल्याचा आवाज येत होता. मॅडम पेन काढतच होत्या. मी अंकलकडे बघितलं. आता एखादी गोष्ट जोडून देतील आणि मोकळे होतील, असं मला वाटलं. तीस वर्षांची सवय होती.

"मॅडम, ये पार्क नहीं है," अंकल म्हणाले. "ये कबर का पत्थर है. जिसका कोई मर गया, वो इसपे नाम लिखता था."

मॅडमना हिंदी समजत होती. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग दगडावरच्या आपल्या हॉस्पिटलच्या नावाकडे. मग पेनाला टोपण लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "खलास." मांजरं, घोडे, फळं, सगळं त्यात गेलं.

परतीची वाट दीड तासाची. मध्ये पेट्रोल पंपावर करण उतरला आणि तीन कडक चहा घेऊन आला, अंकलसाठीही. हे मी त्याच्या बाजूने सांगते. चहा हातात देताना मात्र त्याला राहवलं नाही. इंग्रजीत म्हणाला, अंकल, बर्फाबद्दल तुम्ही तीस वर्षं थापा मारल्या, मग आजच काय झालं? अंकल म्हणाले, "सर, बर्फ को क्या फर्क पडता है?" आणि चहा पिऊ लागले.

व्हिसा झाला नाही. मी करणकडे गेले, भांडले, आवाज चढवला, थोरल्या शेठना फोन केला. काही उपयोग झाला नाही. अंकलनीच मला बोलावून गप्प केलं. निरोपाला केक कापला, करणने छान भाषण केलं आणि आठवण म्हणून दोन गोळे व सोनेरी रेघ फ्रेम करून दिली. अंकलनी ती डाव्या-उजव्या बाजूने बघितली आणि थँक्यू म्हणाले.

जायच्या दिवशी दुपारी मी त्यांची बॅग भरायला देऱ्याच्या खोलीवर गेले. एका खोलीत सहा पलंग. बाकी सगळे कामावर गेलेले. अंकलचा पलंग खिडकीकडचा, खालचा. मी भिंतीवरच्या दोरीवरचे शर्ट काढून घड्या घालू लागले, आणि शर्टांच्या मागे ते होतं. तेच झाड, तीच बाई. कापलेलं नाही, पूर्ण. आणि दगडावर पेन्सिलीने, टेपने मोजून आखल्यासारख्या सरळ अक्षरांत लिहिलं होतं, मार्टिना इनास तुस्कानो. खाली वर्ष.

मी शर्ट हातात घेऊन तशीच खाली बसले. सहा वर्षं हा माणूस रोज सकाळी शर्ट काढायच्या निमित्ताने हे बघत होता आणि आम्ही चटक लागली म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली. अंकलना तसं म्हटलं तर त्यांनी हातानेच उडवून लावलं.

"मुलाने तिकडे ग्रॅनाईटची कबर केली आहे," ते म्हणाले. "फोटो पाठवला होता. मी उघडला नाही. इकडे होतो तोवर ही एवढीच होती, बाय. तिकडे गेलो की खरी बघावी लागणार."

भीती वाटते का, असं मी विचारलं. त्यांनी हो म्हटलं. गोष्ट जोडली नाही.

मी म्हटलं, हे चित्र बॅगेत सपाट बसेल, कपड्यांच्या मध्ये ठेवू. ते नको म्हणाले. फ्रेमची मागची पट्टी त्यांनी नखाने काढली, कागद बाहेर घेतला, पलंगावर पसरला आणि खिशातून खोडरबर काढलं. मी हात धरला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"एका माणसाच्या दोन कबरी नसाव्यात," म्हणाले आणि शेवटून खोडायला लागले, आधी वर्ष, मग आडनाव, मग स्वतःचं नाव. कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटं दाबून धरलेली. खाली टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, माझा फोन वाजला, तोच होता. मी म्हटलं, अंकल, यल्ला, विमान चुकेल, राहू द्या तेवढं.

"थांब गो," ते मान वर न करता म्हणाले, "मार्टिना अजून दिसतेय."